परसात एक मीटर बाय एक मीटरचा खड्डा: खणू द्यावा का?

ढगाखालचा
मंडळी, सल्ला हवाय आणि जरा लवकर हवाय.

आम्ही इंग्लंडमध्ये, बेडफर्डशरमधल्या एका खेड्यात राहतो. एक चर्च, एक पब, दुकान शून्य. गेल्या आठवड्यात दारातून चिठ्ठी आली. गावातल्या इतिहासप्रेमी लोकांना पुढच्या महिन्यात एका शनिवार-रविवारी गावभर तीस खड्डे खणायचेत, तुमच्या मागच्या बागेत एक चालेल का? मीटरभर लांब, मीटरभर रुंद, आणि खाली माणसाचा हात न लागलेली माती येईपर्यंत खोल. रविवारी संध्याकाळी बुजवून, गवत परत लावून देणार. खणणारे सगळे हौशी: निवृत्त पोस्टमन, शाळेतली पोरं, समोरच्या घरातल्या ७४ वर्षांच्या बाई. देखरेखीला एक खरा पुरातत्त्वज्ञ.

बायको एका पायावर तयार. मी तीन वर्षं घाम गाळून लॉन उभं केलंय, त्यामुळे माझा पाय मागे. आई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आली आहे. तिचा प्रश्न वेगळाच: "परक्या माणसांना परसात खणू देतोस, आणि गुप्तधन निघालं तर?"

कुणी हा प्रकार केलाय का? हाती काय लागतं? की नुसताच चिखल?

चहात_बुडालेलं_बिस्कीट
आईंना +१. हंडा निघाला तर धागा अप्रकाशित करून टाका, आम्ही काही पाहिलं नाही.

पुणेरी_पाटी
शनिवार-रविवारी करतात ते खोदकाम. उत्खनन वेगळं. धाग्याच्या शीर्षकात 'खड्डा' लिहिलंत हे त्यातल्या त्यात प्रामाणिक आहे. चालू द्या.

फेनलंडची_काकू
ढगाखालचा, डोळे मिटून हो म्हणा. मी केंब्रिजशरमध्ये असे अकरा खड्डे खणलेत. निवृत्तीनंतर लोक ब्रिज खेळतात, मी चाळण हलवते.

कसं चालतं ते सांगते, म्हणजे लॉनची काळजी मिटेल. आधी एक यंत्र फिरवून खाली वायर किंवा पाइप नाही ना ते बघतात. मग गवताचे चौकोन मुळासकट कापून प्लास्टिकवर ओळीने मांडतात, पाणी मारतात. त्यानंतर एका वेळी फक्त दहा सेंटिमीटर माती काढायची. ती सगळी बादलीने चाळणीत. चाळणीची भोकं एक सेंटिमीटरची, त्यामुळे नखाएवढं काहीही निसटत नाही. जे सापडेल ते त्या थराच्या पिशवीत, पिशवीवर खड्ड्याचा आणि थराचा क्रमांक. थर पुरा झाला की मातीचा रंग लिहायचा, फोटो काढायचा, मग पुढचे दहा. संध्याकाळी सगळं जुन्या टूथब्रशने धुवायचं आणि ट्रेमध्ये वाळत घालायचं. उन्हाळी वाळवण घातलंय असंच दिसतं, फक्त सांडग्यांच्या जागी खापरं.

निघतं काय? वरच्या थरात लेगोचा तुकडा, फटाक्याची काडी, कुत्र्याने पुरलेलं हाड. त्याखाली निळ्या-पांढऱ्या बशांचे तुकडे, ते तर इतके की शेवटी कंटाळा येतो. मातीच्या चिलमींच्या पांढऱ्या नळ्या. कालवांच्या शिंपल्या, अगदी समुद्रापासून लांब असलेल्या गावातसुद्धा, कारण एकेकाळी ते गरिबाचं खाणं होतं. आणि नशीब असेल तर त्याच्याही खाली राखी, खरबरीत, कुणाचं लक्षही जाणार नाही असा एक तुकडा. तो वळला तेव्हा शिवाजीमहाराजांच्या जन्माला अजून पाचशे वर्षं होती.

हंडा नाही हो. आईंना सांगा, खड्डे घरामागे घेतात ते हंड्यासाठी नाही. पूर्वी कचरा तिथेच फेकत.

भडकू
आपलं सगळं उचलून नेलं, आता स्वतःच्या परसातल्या फुटक्या बशा मोजतायत. वाघनखं आणायची तर उसनी आणावी लागली आपल्याला. छान चाललंय.

फेनलंडची_काकू
भडकू, राग रास्त आहे. पण माझ्या शेजारचा पोस्टमन संग्रहालयाचा विश्वस्त नाही. त्याला फक्त त्याच्या गल्लीत आधी कोण राहत होतं ते हवंय.

सह्यवेडा
हेवा वाटतो खरंच. आमच्या गटाने गेल्या वर्षी एका गावाबाहेर पडलेले सहा वीरगळ उभे केले, तर आधी पंचायत, मग तहसील, मग 'तुम्ही कोण' असे तीन अंक झाले. खणायचं तर नावच काढू नका, परवान्याशिवाय कुदळ लावली की गुन्हा. तेही बरोबरच म्हणा. गुप्तधनवाले रात्री येऊन नंदीखाली खणतात ते आम्हीच बघतो.

पण परसातला खड्डा आणि शाळेतली पोरं ही कल्पना आवडली. आपल्याकडे प्रत्येक जुन्या गावाला पांढर असते. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. घरं पडून, राख मिसळून माती पांढुरकी होते. शेतकरी तीच माती खत म्हणून गाड्या भरभरून नेतात. इतिहास उसाला घालतात, दुसरं काय.

खापरपणजोबा
पांढरीचा उल्लेख वाचून राहवलं नाही. मी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाचा विद्यार्थी होतो, आमची निम्मी पायपीट 'गावात पांढर कुठाय' हे विचारण्यात गेली. त्यांच्याकडे उलट असतं, वस्तीची माती बहुधा काळपट निघते. नांगरल्यावर शेतात काळा पट्टा दिसला की हौशी मंडळी दहा-दहा मीटरवर ओळी आखून चालत सुटतात, नजर जमिनीवर. पावसाने धुतलेलं खापर चकाकतं, म्हणून पीक उगवायच्या आधीचे ओले दिवस गाठतात.

आणि आपलं नातं दिसतं त्यापेक्षा जवळचं आहे. डॉर्सेटमधल्या मेडन कॅसलच्या टेकडीवर मॉर्टिमर व्हीलर या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञाने १९३४ ते १९३७ उत्खनन केलं. विद्यार्थी आणि हौशी मंडळी हाताशी. पीएच.डी.साठी लंडनला गेलेले ह. धी. सांकळिया तिथे काम करून आले. १९३९ मध्ये ते डेक्कन कॉलेजात रुजू झाले आणि महाराष्ट्राच्या पुरातत्त्वाची घडी त्यांनी बसवली. व्हीलर स्वतः १९४४ मध्ये भारताच्या पुरातत्त्व खात्याचा महासंचालक होऊन आला. त्यामुळे तुमच्या परसातला काटकोनातला खड्डा बघून मला घरचंच काहीतरी वाटतंय.

घनसाळ
आमच्या कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या टेकाडावर रोमन समुद्रदेवाची ब्राँझची मूर्ती निघाली होती की. पॉसायडन. वीतभरसुद्धा उंच नाही, पण काय रुबाब. त्यांच्या रोमन तुकड्यांचं आम्हाला काय कौतुक सांगताय?

पुणेरी_पाटी
पॉसायडन ग्रीक. रोमन लोक त्याला नेपच्यून म्हणत.

घनसाळ
आलं का पुणं मधे! मूर्ती आमची, नाव काय ठेवायचं ते आम्ही बघू.

ओला_रविवार
मी उत्तर इंग्लंडमध्ये, रोमनांनी बांधलेल्या हेड्रियनच्या भिंतीजवळ, विंडोलँडा या रोमन किल्ल्याच्या उत्खननात दोन आठवडे काम केलंय. पैसे भरून मजुरी, असं नवरा म्हणतो. तरी जागा मिळवणं म्हणजे गणपतीत कोकण रेल्वेचं तिकीट काढण्यासारखं आहे.

पहिले पाच दिवस मला फक्त गुरांची हाडं मिळाली. सहाव्या दिवशी खालच्या थरात गेलो. तिथे पाणी साचलेलं, हवा पोहोचत नाही, त्यामुळे लाकूड-कातडं कुजत नाही. मी थापीने माती बाजूला केली तर कुंपणाची वेताची वीण दिसली, अगदी पिवळी, आत्ता विणल्यासारखी. हवा लागली आणि माझ्या डोळ्यांदेखत ती तपकिरी होत गेली, पाचएक मिनिटांत काळी. वास म्हणाल तर गटार उघडल्यासारखा. मी तिथेच उकिडवी बसून रडले, आणि शेजारचे आजोबा म्हणाले, "बिस्कीट घे."

याच मातीत १९७३ मध्ये पहिल्यांदा लाकडाच्या पातळ फळ्यांवर शाईने लिहिलेली पत्रं सापडली. एक पत्र साधारण इसवी सन १०० चं. क्लॉडिया सेव्हेरा नावाची बाई मैत्रिणीला, सल्पिशिया लेपिडिनाला, वाढदिवसाचं बोलावणं करते: ११ सप्टेंबरला जरूर ये. मजकूर लेखनिकाने लिहिलाय, पण शेवटच्या काही ओळी तिने स्वतःच्या हाताने लिहिल्यात. अक्षर गिचमिड आहे. मला ते फार आवडलं.

चहात_बुडालेलं_बिस्कीट
'आपण सहकुटुंब सहपरिवार येऊन कार्यास शोभा आणावी. आहेर आणू नये.'
बाकी वरच्या आजोबांनी माझं नाव घेतल्याबद्दल आभारी आहे.

घनसाळ
थापी म्हणालात? गवंड्याची असते ती?

ओला_रविवार
हो, तीच, पण चार इंची, टोकदार आणि एकसंध पोलादाची. जुने लोक ती कुणाला हात लावू देत नाहीत. झिजून झिजून पोह्याच्या चमच्याएवढी झालेली थापी म्हणजे मोठा मान.

वऱ्हाडी_ठेचा
आमच्याकडे करणी म्हणतात तिला. परसात करणी चालवू देता का म्हणून आईले विचारा, मंग पाहा काय होते ते.

सह्यवेडा
हहपुवा (हसून हसून पुरे वाट)!

वकील_नाही_पण
आईंच्या गुप्तधनाच्या प्रश्नाला कुणीच धड उत्तर दिलं नाही, म्हणून लिहितो.

इंग्लंडमध्ये जमिनीतून निघालेली वस्तू साधारणपणे जमीनमालकाची. म्हणजे खापरं तुमचीच, मंडळ ती तुमच्याकडून अभ्यासाला मागून घेईल. 'ट्रेझर' असेल तर वेगळं. १९९६ च्या कायद्याप्रमाणे ३०० वर्षांहून जुनी आणि निदान दहा टक्के सोनं-चांदी असलेली वस्तू (सुटं नाणं त्यात येत नाही) सापडली की १४ दिवसांत कॉरोनरला (अशा वस्तूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला) कळवायचं. संग्रहालयाने घेतली तर बाजारभावाने मोबदला, तो बहुधा शोधणारा आणि मालक यांच्यात वाटतात. २०२३ पासून या व्याख्येत धातूच्या काही विशेष महत्त्वाच्या वस्तूही आल्या, त्यांना २०० वर्षांची अट.

आधीचा नियम मजेदार होता. पुरणाऱ्याचा परत येऊन काढायचा इरादा होता का, हे ठरवावं लागे! १९३९ मध्ये सटन हूला जहाजासकट राजेशाही दफन निघालं, तेव्हा गावच्या सभागृहात ज्यूरी बसली. मढ्याबरोबर पुरलेलं कोण परत काढणार, म्हणून सगळं जमिनीच्या मालकीणबाईंचं ठरलं. त्यांनी ते ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकलं. आणि ती जागा खणणारा बेसिल ब्राउन बाराव्या वर्षी शाळा सोडलेला, स्वतःच्या बळावर शिकलेला माणूस.

आपल्याकडे १८७८ चा कायदा आहे: दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही जमिनीत पुरलेलं सापडलं तर कलेक्टरला कळवा. दहा रुपये! आज खापराची किंमतही तेवढी भरेल.

भडकू
म्हणजे मेटल डिटेक्टर घेऊन फिरणारे चोर तिकडे कायदेशीर?

फेनलंडची_काकू
सगळे चोर नाहीत. मालकाची परवानगी लागते आणि संरक्षित स्थळी खास परवान्याशिवाय बंदी. रात्री लपूनछपून येणारे वेगळे, त्यांना इथे 'नाइटहॉक' म्हणतात, आमच्याकडे एकदा येऊन गेले. बीटाच्या शेतात सकाळी नुसती भोकं. काय नेलं ते कळायला मार्ग नाही, याचंच जास्त दुःख.

प्रामाणिक लोकांसाठी १९९७ पासून नोंदणीची योजना आहे, आपणहून नेऊन दाखवायचं. १५ लाखांहून जास्त वस्तू नोंदल्या गेल्यात. बक्कल, बटण, अंगठीचा तुकडा, असंच सगळं. मी स्वतः मात्र डिटेक्टरवाल्यांवर जरा फुगूनच असते. त्यांना धातू दिसतो. खापर, हाड, जळका दाणा यांना आवाज नाही.

ढगाखालचा
बापरे, इतके प्रतिसाद! बायकोने सगळे वाचून दाखवले. आईला 'करणी' वाचून दाखवली नाही. हो कळवलंय. पण मला एक कळत नाही: तीस घरांमागे तीस खड्डे खणून, फुटक्या बशा मोजून शेवटी सिद्ध काय होतं?

खापरपणजोबा
फार मोठं सिद्ध होतं, पण एका गावात नाही. कॅरेन्झा लुईस या पुरातत्त्वज्ञ बाईंनी पूर्व इंग्लंडमधल्या पन्नासहून जास्त वस्त्यांमध्ये शाळकरी मुलं आणि गावकरी यांच्याकडून असे सुमारे २,००० खड्डे खणून घेतले. आज माणसं राहतात अशीच गावं मुद्दाम घेतली. मग सरळ हिशोब: १३४८-४९ च्या काळ्या मरीआधीची (म्हणजे प्लेगच्या मोठ्या साथीआधीची) खापरं किती खड्ड्यांत, नंतरची किती. २०१६ मध्ये निष्कर्ष छापला. मरीनंतर खापरांचं प्रमाण सुमारे ४५ टक्क्यांनी घसरलेलं, आणि ती घसरण पुढची दीड-दोन शतकं भरून आलेली नाही. जिथे भांडी फुटत नाहीत तिथे माणसं नाहीत.

म्हणून रिकामा खड्डासुद्धा मोजतात. तुमच्याकडे काही निघालं नाही तर वाईट वाटून घेऊ नका.

सह्यवेडा
पण भांडी कमी म्हणजे माणसं कमीच कशावरून? लोक लाकडाची, धातूची भांडी वापरायला लागले असतील. आपल्याकडे पितळ आल्यावर मडकी कमी झालीच की.

खापरपणजोबा
रास्त शंका, आणि ती तिकडेही घेतली गेली आहे. पण सगळीकडे सारखी घट नाही. काही गावं जवळपास पुसली गेलीत, काही वाढलीत. नुसती भांडी बदलली असती तर असा फरक पडला नसता. शिवाय मरी हे एकच कारण धरायचं नाही. यॉर्कशरमधल्या व्हॅरम पर्सी गावात १९५० ते १९९० दर उन्हाळ्यात स्वयंसेवक खणत होते. मरीने गाव ओस पडलं असेल असं वाटावं, पण ते मरीतून तगलं होतं. ते उठलं १५०० च्या सुमाराला. मालकांना शेतीपेक्षा मेंढ्या परवडायला लागल्या, लोकर. आज तिथे एक पडकं चर्च आणि गवताखाली घरांचे उंचवटे. इंग्लंडात अशी सुमारे ३,००० गावं आहेत.

पुणेरी_पाटी
त्याला आपल्या महसुली दफ्तरात नेमका शब्द आहे: बेचिराख. चिराग नसलेलं, म्हणजे जिथे दिवा लागत नाही असं गाव. जळून खाक झालेलं नव्हे.

ओला_रविवार
पाटी, हा प्रतिसाद मात्र वाचनखूण!

केंटची_मावशी
उशिरा आले. ज्यांना खणून पाठ मोडून घ्यायची नाही त्यांच्यासाठी: जुन्या चर्चच्या भिंती वाचायला जा. नॉरफकमध्ये २०१० पासून स्वयंसेवकांनी मध्ययुगीन चर्चमधल्या भिंतींवरची कोरीव रेघोटी नोंदवायला सुरुवात केली, मग ते लोण इतर परगण्यांत पसरलं. साहित्य एकच: टॉर्च. तो भिंतीला जवळजवळ टेकवून आडवा धरायचा. आपल्याकडे झिजलेला शिलालेख सकाळच्या तिरक्या उन्हात वाचतात ना, तेच. कोऱ्या वाटणाऱ्या दगडावर एकदम जहाज उमटतं, कंपासने काढलेली सहा पाकळ्यांची फुलं उमटतात.

हर्टफर्डशरमधल्या अ‍ॅशवेलच्या चर्चमध्ये मनोऱ्याच्या आतल्या भिंतीवर मरीच्या काळातली लॅटिन ओळ खरवडलेली आहे, साल १३५०. आशय असा की दीनवाणा, भ्रमिष्ट असा गाळ तेवढा साक्षीला उरलाय. खाली १३६१ च्या वादळाची नोंद. खापरांचे आकडे काय दाखवतात ते दाखवोत, मी त्या भिंतीसमोरून पटकन बाहेर येऊन बाकावर बसले होते.

चहात_बुडालेलं_बिस्कीट
धागा गंभीर झाला. मी येतो मग.

ढगाखालचा
झालं! सविस्तर वृत्तान्त (फोटो रात्री टाकतो).

शनिवारी सकाळी आठला सहा जण आले. पाऊस साडेआठला. माझं लॉन चौकोन चौकोन कापून पाटावरच्या वड्यांसारखं मांडलं गेलं. आई खिडकीतून पहारा देत होती, अकरा वाजता ती शिरा घेऊन बाहेर आली आणि मग आत गेलीच नाही. तिला चाळणीवर बसवलं. तांदूळ निवडलेला हात आहे, समोरच्या बाईंपेक्षा दुप्पट वेगाने खडा आणि खापर वेगळं करत होती.

पहिला थर: आमच्या आधीच्या मालकाचे कपड्यांचे चिमटे. दुसरा: निळ्या बशा, चिलमीच्या चार नळ्या, आणि हिरवट काचेची एक गोटी. पोस्टमन काही बोलायच्या आत आई म्हणाली, "अय्या, ही गोटीसोड्याची!" सगळे बघत राहिले. तिने मला भाषांतर करायला लावलं: मिरजेच्या स्टँडवर मिळायचा, अंगठ्याने गोटी आत ढकलायची, फट्ट आवाज यायचा. पुरातत्त्वज्ञ उडालाच. ती बाटली हायरम कॉड नावाच्या इंग्रजाने १८७०च्या दशकात काढली, इथली पोरं गोटीसाठी बाटल्या फोडायची, म्हणून गोट्या नेहमी सुट्या सापडतात. तो म्हणाला, ही बाटली प्रत्यक्ष वापरलेला माणूस मला पहिल्यांदाच भेटतोय.

तिसऱ्यात खिळे आणि कोळसा. चौथ्यात, पस्तीस सेंटिमीटरवर, आईच्याच चाळणीत एक तुकडा: अंगठ्याच्या नखाएवढा, जांभळट काळा, आत शिंपल्याचा पांढरा चुरा, बोट फिरवलं की साबणासारखा गुळगुळीत. सेंट नीअट्स भांडी म्हणतात, साधारण इसवी सन ९०० ते ११००. त्यानंतर सत्तर सेंटिमीटरला पिवळी चिकणमाती. संपलं.

म्हणजे ११०० पासून थेट व्हिक्टोरियापर्यंत आमच्या परसात काहीच नाही. मरीनेच उठले का हो आमचे लोक?

खापरपणजोबा
एका खड्ड्यावरून नका बोलू! आणि तुमच्याकडे मरीच्या आधीची अडीचशे वर्षंही कोरीच आहेत. तिथे नुसती बाग किंवा कुरण असेल. शेजाऱ्यांकडे काय निघालं?

ढगाखालचा
पबच्या मागे बादलीभर मध्ययुगीन खापरं. चर्चजवळ तीन खड्ड्यांत थोडी थोडी. आमच्या बाजूच्या सहा घरांत शून्य.

खापरपणजोबा
मग गाव पबच्या बाजूला सरकलं असावं. स्वाभाविक आहे.

फेनलंडची_काकू
लॉन कसं आहे?

ढगाखालचा
पाऊस मदतीला आला. एक चौकोन उलटा बसलाय, बायको म्हणते राहू दे.

वकील_नाही_पण
आणि गोटी? कायद्याने तुमचीच आहे.

ढगाखालचा
अभ्यासाला दिली, दुसऱ्या थराच्या पिशवीत. आईने आधी पावती लिहून घेतली.